दुसऱ्या ब्रेकची गाडी

मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, सगळ्या गाड्यांना असतो तसा, आणि दुसरा शेजारच्या सीटच्या पायाशी. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली, ती त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून. पुढे शिकवणी बंद केली, टपावरची पाटी उतरवली, पण जादा पेडल काढायचं राहून गेलं. विचारलं तर म्हणायचे, "असू दे हो, खायला थोडंच मागतंय."

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या डोक्यातल्या गाठीमुळे. ऑपरेशन चांगलं झालं, पण गाठ जाताना माझ्या नजरेचा डावीकडचा भाग घेऊन गेली. डावीकडून येणारा माणूस मला दिसतच नाही, एकदम नाकासमोर उगवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तीस दिवस रेडिएशन, आणि गाडी चालवणं कायमचं बंद. पहिलं मी निमूट ऐकलं. दुसऱ्यावरून भांडलो. पाणीखात्यात मीटर वाचत बावीस वर्षं गाडी हाकली, एक ओरखडा नाही, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान डोलावली आणि कागदावर जे लिहायचं तेच लिहिलं.

आमचं घर वस्तीच्या पार टोकाला. बस त्याच्या बरीच अलीकडे वळते. मेहुण्यांनी लगेच तोडगा काढला: तीस दिवस झाले की गाडी विका, घराला कुलूप लावा आणि आमच्याकडे राहायला या. मेहुणे माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या घरी माझा दोन दिवसांत जीव गुदमरतो. आणि इथे तर ते कायमचं म्हणत होते. बायकोने एवढंच विचारलं, "आणि माझी शाळा?" ती आमच्या घराजवळच्या शाळेत प्रयोगशाळेची मदतनीस. तिथल्या काचेच्या नळ्या तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती टिकत नाहीत. 

इस्पितळाच्या तळमजल्यावर एक खोली होती. तिथे औषध सोडून सगळं मिळायचं. केस गेलेल्यांना टोप्या, फॉर्म भरून देणारा एक निवृत्त कारकून, नातेवाइकांची बुधवारची बैठक, कोणी काही न विचारता रडू देणारा एक जुना सोफा, आणि ज्यांना यायची-जायची सोय नाही त्यांच्यासाठी गाड्या. टेबलाशी फोनवाल्या बाई बसायच्या. त्यांनी मला नियम वाचून दाखवले. गाडी चालवणारे स्वयंसेवक असतात, ते आजाराबद्दल विचारणार नाहीत, तुम्ही बोललात तर ऐकतील. आणि पेशंट गाडीत असताना गाडी फक्त स्वयंसेवकच चालवेल.

"दुसरं कोण चालवणार?" मी खेकसलो.

"नियम आहे, वाचायला लागतो," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मास्तर सात मिनिटं आधी दारात हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी मला मागचं दार उघडून दिलं. मागचं! आयुष्यात टॅक्सी सोडून मी मागे बसलेलो नाही. शाळेतून रजा काढून आलेली बायको पुढे बसली आणि आमची वरात निघाली.

आता माझ्या बायकोची एक खोड सांगायला हवी. मी गाडी चालवत असलो की ती शेजारी बसून प्रत्येक वळणावर पायाने जमीन दाबायची. मी दरवेळी म्हणायचो, "तिथे ब्रेक नाही." बावीस वर्षांत हा विनोद मला एकदाही शिळा वाटला नाही. तिला वाटला असणार.

त्या दिवशी गोदामाच्या फाटकातून एक ट्रक मागे-मागे रस्त्यावर आला. तिने सवयीने पाय दाबला, आणि तिथे ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली आणि माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"चुकून झालं हो," ती पांढरीफटक पडली. "सवयच आहे मला."

मास्तरांनी ट्रककडे पाहिलं. तो आमच्यापासून हातभर लांब उभा होता. "चुकून नाही, ताई. माझ्याआधी तुम्हाला दिसला तो." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तुम्ही चालवता का गाडी?"

"ती? छे!" मी मागून म्हणालो.

मास्तरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "मी ताईंना विचारलं."

"दोन दिवस शिकले होते," ती म्हणाली. "हेच शिकवत होते."

"मग?"

"मग मी मधेच उतरून चालत घरी आले."

मास्तर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि ते काही डाव्या बाजूला नव्हतं.

पुढचे दिवस एकासारखे एक गेले. मी आत मशीनखाली पडायचो, ती दोघं बाहेर थांबायची. आत नंबर लागेपर्यंत तासभर सहज मोडायचा. एक गोष्ट मात्र मला खटकायला लागली. मी बाहेर आलो की गाडी दरवेळी वेगळ्या जागी असायची, आणि कधी पार्किंगच्या पट्ट्यावर, कधी तिरकी. मी मास्तरांना टोमणा मारला, "निवृत्त झाल्यावर हात बिघडलेला दिसतोय." मास्तर म्हणाले, "सुधारतोय हळूहळू." बायको खिडकीबाहेर बघत होती.

अकराव्या दिवशी मशीन बंद पडलं. पाच मिनिटांत मी बाहेर. गाडी दिसेना म्हणून इस्पितळाच्या मागे गेलो. तिथे मोडक्या खाटा रचून ठेवलेलं मोकळं आवार आहे. दोन पिंपांच्या मधून मास्तरांची गाडी मुंगीच्या पावलांनी मागे येत होती. स्टिअरिंगवर माझी बायको. मास्तर शेजारून सांगत होते, "क्लच सोडताना काचेची नळी खाली ठेवतोय असं समजा. हां, अशी."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, आणि तो खरा राग होता. तिने काच खाली केली तेव्हा मी म्हणालो, "माझी जागा रिकामी व्हायचीच वाट बघत होतीस वाटतं."

तिने इंजिन बंद केलं, किल्ली मास्तरांच्या हातात दिली आणि येऊन मागे बसली. घरापर्यंत माझे शब्द मलाच टोचत होते, पण परत घ्यायचं धैर्य होईना.

घरी ती सरळ आत गेली. मास्तर मला म्हणाले, "जरा पुढे येऊन बसा." मी दुसऱ्या ब्रेकच्या सीटवर बसलो.

"माझा मोठा भाऊ," ते समोर बघत म्हणाले. "त्याचेही असेच तीस दिवस होते. रोज कोणाला तरी फोन करायचा, सोडता का म्हणून. मला नाही केला. म्हणे, तुझा धंदा ऐन भरात आहे, तुला कशाला त्रास. चौदाव्या दिवशी म्हणाला, आता आणखी कोणापुढे तोंड वेंगाडू? आणि जायचंच सोडलं. मला कळलं तोवर दोन महिने उलटले होते." त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "गाडी त्यांच्या दारात उभी होती. हजारेक लोकांना शिकवलं मी. वहिनीला नाही शिकवलं."

मी पायाशी असलेल्या त्या दुसऱ्या ब्रेककडे बघितलं. 

"रागवायचं तर रागवा. पण एकतिसाव्या दिवशी मी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात असेन. तेव्हा फोन कोणाला करायचा, ते आत्ताच ठरवा."

मी आत गेलो. ती ओट्यापाशी कप विसळत होती, गरज नसताना दुसऱ्यांदा.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "फार वाईट बोललो."

"बोललात खरं."

"शीक तू."

"शिकतेच आहे. तुम्हाला विचारलं नव्हतं." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "शिकाऊ परवानाही काढलाय. दुसऱ्याच्या घरी राहायला मला तरी कुठे जायचंय?"

दुसऱ्या दिवसापासून मी माझा नंबर लागेपर्यंत आवारातच खुर्ची टाकून बसायला लागलो. तोंड उघडायचं नाही, ही मास्तरांची अट. ती मला रेडिएशनपेक्षा जड गेली. तिने दोन्ही पिंपं आडवी केली, आणि मी ओठ दाताखाली धरून बसलो. परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली, चढावर गाडी बंद पडली. त्या संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला, खोली रंगवून घेतोय म्हणून. मला रात्रभर त्या रंगाचा वास येत होता. आठ दिवसांनी ती पुन्हा गेली आणि बाहेर येऊन कागद माझ्या हातात दिला. मी तो उलटसुलट करून वाचला. पास होती. मला भर रस्त्यात रडू आलं, आणि आल्याचं मी लपवलं नाही.

तिसाव्या दिवशी रेडिएशन संपवून आम्ही फोनवाल्या बाईंचा निरोप घ्यायला गेलो. मास्तर साळसूदपणे म्हणाले, "बाई, पेशंट गाडीत असताना फक्त स्वयंसेवकच चालवू शकतो ना?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या, आणि खणातून एक कोरा फॉर्म काढून माझ्या बायकोपुढे सरकवला. "शाळेला सुट्टी कधी असते तुमच्या? शनिवारी दोन आज्या आहेत, त्यांना कोणी नाही." ती फॉर्म भरत असताना त्या माझ्याकडे वळल्या. "आवारातली दोन पिंपं चेपलीत. मला काही माहीत नाही."

बाहेर आलो. मास्तरांनी मला मागचं दार उघडून दिलं, किल्ली तिला दिली आणि स्वतः शेजारी बसले. दारातली आमची गाडी ती बाहेर काढायची हे पुढचं, आज ती मला घरी नेणार होती. मी तिचा पहिला पेशंट.

इस्पितळाचं फाटक, मग बाजार. सगळं ठीक चाललं होतं. मग गोदामाची भिंत आली आणि त्याच फाटकातून एक टेम्पो तोंड बाहेर काढत होता. मी पायाने जमीन दाबली. होती नव्हती तेवढी ताकद लावून दाबली. मास्तरांनी तरी ब्रेकवर पाय ठेवलाय ना, म्हणून मी वाकून पुढे बघितलं.

त्यांचे बूट खाली पायपुसण्यावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. मास्तर सीटवर मांडी घालून बसले होते.

गाडी हळू झाली, थांबली. टेम्पो निघून गेला. तिने आरशातून मागे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "तिथे ब्रेक नाही."

मी पाय उचलले, चपला काढल्या आणि मागच्या सीटवर मांडी घातली.