चिंपांझी चालेल, खालची वाडी नको

मी महाडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, पण गाव माझं पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला. गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. आडनाव एक, देव एक, सुतकही एकच. बोलणं मात्र बंद. कशावरून फाटलं हे आज कुणालाच सांगता येत नाही.

गेल्या मे महिन्यात मुंबईकर मंडळाने देवळात पूजा ठेवली. अध्यक्षांचा फोन आला, "सर, काहीतरी सायंटिफिक बोला. पब्लिकला आवडतं." मी माणूस आणि चिंपांझी यांच्या जनुकांची तुलना हा विषय घेतला.

सभामंडपात वरची वाडी डावीकडे, खालची उजवीकडे. मधल्या मोकळ्या जागेत एक कुत्रं झोपलेलं.

मी सांगितलं, शरीर घडवण्याचा मजकूर पेशीपेशीत असतो, चार अक्षरांत लिहिलेला. आपला आणि चिंपांझीचा मजकूर शेजारी ठेवला, तर जुळवता येणाऱ्या भागात शंभरातली जवळजवळ नव्याण्णव अक्षरं सारखी निघतात. आता गोंधळ होणार, असं मला वाटलं. कुणी हललंसुद्धा नाही.

एका काकूंनी विचारलं, "मंग आमच्या कौलांवर नाचतात ती वानरं?"

"तीपण नात्यातलीच, पण फार लांबची."

"लांबचीच बरी गो," त्या शेजारणीला म्हणाल्या, "खातात नि निघून जातात."

मंडप हसला आणि मला चेव आला. तेवढ्यात माझे चुलते उठले. "चिंपांजी हाय तर हाय, आपली तक्रार नाय. पण ह्या खालच्या वाडीशी आमचं किती जुळतं, तेवढं सांग."

"काका, कुठल्याही दोन माणसांत हजारात एखादंच अक्षर वेगळं. तुम्ही तर भावकी. तुमच्यात त्याहूनही कमी."

मग खालच्या वाडीतले एक म्हातारे आजोबा काठी टेकत उभे राहिले. "काय बोलतोस रे? आम्ही ह्यांच्यासारखे?"

"आम्ही तरी कुठं म्हणतोय तसं!" चुलते ओरडले.

दोन्ही वाड्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. माणसं सरकत सरकत मध्ये आली, कुत्रं उठून गेलं, डोक्याला डोकी लागली. अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "सर, मॅटर सेन्सिटिव्ह झालं." थोड्याच वेळात निकाल आला: मास्तराने गावाची माफी मागावी.

मी आनंदाने तयार झालो. दोन्ही वाड्या एका सतरंजीवर बसल्या होत्या. त्यासाठी मी अख्ख्या जीवशास्त्राच्या वतीने माफी मागितली असती. माईक हातात घेतला.

"पहिली वरच्या वाडीची माग," चुलते म्हणाले.

"का म्हणून?" आजोबा उसळले. "पोरगा तुमचा. म्हंजे अपमान आमचा झाला. पहिली आमची!"

बघता बघता डावे डावीकडे गेले, उजवे उजवीकडे. मी माईक धरून मध्येच उभा. शेवटी बायकोने प्रसादाचा द्रोण माझ्या हातात कोंबला आणि एसटीच्या दिशेने ओढत नेलं.

कुणाची माफी आधी, हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे मी ती मागितलेली नाही. दोन्ही वाड्यांची माणसं महाडला बाजाराला आली की माझ्याकडे चहाला येतात, वेगवेगळी. आणि जाताना प्रत्येक जण हळूच सांगतो, "मास्तर, तुमचं बरोबर हाय. पण ते त्यांना लागू."