दुक्मची मेलेली वाळू

जे मोजता येत नाही ते नसतंच, या तत्त्वावर मी आयुष्य काढलं आहे. अपवाद एकच – मस्कतमधल्या माझ्या नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणं. तिथे मीही इन्शाल्ला म्हणते.

मी विद्यापीठात पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जमिनीत सांडलेलं तेल खाणारे जिवाणू शोधणं हे माझं संशोधन. नागपूरची गौरी माझ्याकडे पीएचडी करत होती. ओमानच्या किनाऱ्यावरच्या दुक्म बंदराजवळच्या वाळूतले जिवाणू तेल फस्त करतात, हा तिचा दावा. तो सिद्ध करायला शेजारी एक 'मेलेला' फ्लास्क ठेवतात – तीच वाळू, तेच तेल, पण वाळूतले सगळे जीव ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारलेले. त्यातलं तेल तसंच राहायला हवं. नाही राहिलं, तर प्रबंध गेला.

व्हायव्हा तोंडावर आलेली. शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला.

"मॅडम, लॅबमध्ये येता का? मेलेला फ्लास्क तेल खाऊन राहिला."

"बूच सैल असेल. उडालं असेल तेल."

"तुम्ही या तर खरं."

शुक्रवारची सुट्टी, त्यात सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. कॅम्पसवर चिटपाखरू नव्हतं. फ्लास्क टेबलावर स्थिर, बूच घट्ट. पाण्यावरचा काळा तवंग मधोमध फाटला होता... आणि आमच्या डोळ्यांदेखत ते भोक वाढत होतं. दुधावरची साय कुणी बोटाने कडेला ओढावी, तसं. मग कडेलाही काही उरलं नाही.

"काचेला साबणाचा अंश राहिला असेल," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

मी स्वतः नवा फ्लास्क धुतला, वाळू पुन्हा वाफवली, तेल घातलं. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जिवंत काही नाही. डीएनएची चाचणी केली, तोसुद्धा नाही. दुक्मच्याच दुसऱ्या खड्ड्यातून आणलेल्या, तशाच वाफवलेल्या वाळूचा फ्लास्क शेजारी काळा तो काळाच. आमचा मात्र पुन्हा फाटू लागला. गौरीने माझा हात धरला... मी सोडवून घेतला नाही.

"मॅडम, हे प्रबंधात नाही टाकलं तर?"

"डिग्री तुझी. तू ठरव."

तिने नोंदवही पुढे ओढली. "लिहिते. मेलेल्यांशी कोण वाकडं घेईल!"

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक आधी विज्ञानाच्या उज्ज्वल परंपरेवर बोलले. मग गौरीने त्यांच्यासमोर मेलेल्या फ्लास्कमध्ये तेल ओतलं. ते वाकून बघत राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोवर तवंग फाटून नाहीसा झाला होता.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. त्यांच्याकडेही नव्हतं.

प्रबंध मान्य झाला. दुरुस्ती एकच सुचवली – शीर्षकातून 'जिवाणूंमुळे' हा शब्द वगळावा.