ब्लाझेनाचं सार आणि ओल्दाची अळंबी

सार संपलं की ब्लाझेना कुबातोवा खानावळीच्या दाराला पाटी लावायची आणि खुशाल पाय वर करून बसायची. मग कुणी कितीही लांबून सायकल हाणत आलेलं असो. "पुढच्या गावात सॉसेज मिळतं, जा," असं ती जर्मन पाहुण्यांना चेक भाषेतच सुनवायची, आणि तेच पाहुणे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दारात हजर.

मी तिच्याकडे बिअरचे पेले वाहण्यात अर्धं आयुष्य घालवलं. "राद्का, चांगलं काम केलंस," असं तिने मला एकदाही म्हटलं नाही. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मात्र रोज जेवणाचा डबा आला. आभार मानायला गेले तर म्हणते, "डबा घासून आणलायस ना?" अशी बाई.

तिचं सार म्हणजे कुलायदा. शुमावाच्या जंगलाकाठी ते घरोघरी होतं. बटाटा, आंबट साय, मूठभर शेपू, जरासं व्हिनेगर, वर पाण्यात शिजवलेलं अंडं. पण त्यात जीव ओततात त्या अळंब्या, आणि त्या आणायचा तिचा नवरा ओल्दा. लाकडाच्या गिरणीत दोन बोटं गमावून तो घरी बसला होता. तरी जंगलात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावातली माणसं आपली टोपली आधी त्याच्यापुढे ठेवायची आणि मगच चुलीवर. "शिजवते ती, पण सार माझं," असं तो चार पेले पोटात गेल्यावर म्हणायचा. "मग पातेली पण तूच घास," हे तिचं ठरलेलं उत्तर.

पुढे त्याचा गुडघा गेला, आणि पाठोपाठ नजरही. आमच्याकडे हिरवट टोपीची एक अळंबी खायची असते आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी माणूस मारते. मारणारीच्या गळ्याशी कडं असतं आणि बुडाशी, मातीत, पिशवी. ओल्दा पूर्वी गुडघ्यावर बसून अळंबी बुडासकट उपटायचा, अंगठ्याने चाचपायचा. आता जेमतेम वाकायचा आणि टोपीखालीच सुरी चालवायचा. ओळखायच्या खुणा जंगलातच राहायच्या.

ब्लाझेनाला हे कळत होतं. तो बाहेर बिअर घेऊन बसला की ती मागच्या दाराशी त्याची टोपली गुपचूप पुन्हा निवडायची. शंका आली की कचऱ्याच्या बादलीत. "अहो बाई, सांगून टाका ना त्यांना," मी एकदा म्हटलं.

"काय सांगू? मग त्याच्याकडे राहील काय? मोडका गुडघा?"

ऑगस्टमधल्या एका शनिवारी पूर्वसूचना न देता जर्मन पाहुण्यांची आख्खी बस येऊन उभी राहिली. टोपली निवडायला सवड कुठली? ब्लाझेनाने ती तशीच बादलीत उपडी केली आणि दुकानातल्या अळंब्या चिरायला घेतल्या. नेमका तेव्हाच ओल्दा काड्यापेटी मागायला आत आला.

"माझी अळंबी बादलीत?"

"गर्दी आहे, ओल्दा. बाहेर हो."

"मी विचारतोय, बादलीत का?"

"तुला दिसत नाही रे आता!" कामाच्या घाईत तिच्या तोंडून निसटलं, आणि तेही खणखणीत.

खिडकीपलीकडे रोजच्या गिऱ्हाइकांचं टेबल होतं. त्यातला बोहोश म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. तो ओरडला, "ओल्दा, उद्यापासून टोपली घेऊन दुकानात जा! तिथे नावं लिहिलेली असतात, मोठ्या अक्षरात!" सगळे हसले. एक अक्षर न कळता बसवालेही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

ओल्दाने बादलीत हात घातला, हाताला लागल्या तेवढ्या टोप्या धुतल्या आणि भराभर चिरल्या. "थांब, मला एकदा बघू दे," ब्लाझेना म्हणाली. त्याने तिचा हात झटकला. लोणी, अंडी, शहाजिरं घालून त्याने भुर्जी केली आणि बशी घेऊन थेट त्या टेबलाशी जाऊन बसला. "या, खा." बोहोशचं पोट एकाएकी भरलं. बाकीचे पेल्यात बघू लागले. ओल्दा एकटाच मान खाली घालून खाऊ लागला.

बसभर माणसं सारासाठी ताटकळत होती. ब्लाझेनाने पळी ठेवली, हात पुसले, बाहेर येऊन त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. त्याच्या हातातला काटा घेतला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि खात राहिली.

रविवारी सकाळी दोघांना उलट्या सुटल्या. सोमवारी बरं वाटलं. ते विष असं एक दिवसाची सुट्टी देतं. ओल्दा मला म्हणाला, "साय नासली असणार." तिने तर डंपलिंगसाठी पीठही मळलं. मंगळवारी तिचे डोळे पिवळे झाले आणि दोघांना प्लझेनच्या इस्पितळात नेलं. लहानपणीच्या काविळीने तिचं यकृत आधीच दुबळं होतं. त्याने जास्त खाल्लं होतं, आणि तो वाचला. आमच्या गावात देवावर फारसा कुणाचा विश्वास बसत नाही, ते उगाच नाही.

मी तिला भेटायला गेले तेव्हा मला राग आवरला नाही. "तुम्हाला माहीत होतं, तरी खाल्लंत?"

"माहीत कुठे होतं? भीती होती." मग म्हणाली, "सगळे हसत होते गं. आणि तो एकटाच जेवत होता."

शुक्रवारी ती गेली.

खानावळ बंद आहे. पाहुणे येतात, दार हलवून बघतात, जातात. मी ओल्दाला पाव आणि बटाटे नेऊन देते. परवा त्याने माझी बाही धरली.

"राद्का, ती आली ना माझ्या शेजारी? माझ्याच बशीतलं खाल्लं ना तिने?"

"हो."

"म्हणजे माझ्या नजरेवर भरवसा होता तिचा."

माझी जीभ कडू म्हणून गावभर प्रसिद्ध आहे.

"होता तर," मी म्हटलं. "नसता तर खाल्लं असतं का?"