पिवळ्या सदऱ्यांची टीम

जिंकणाऱ्यांकडे सांगण्यासारखं फार नसतं. गोल मारले, ढाल घेतली, घरी गेले, संपलं. किस्से साचतात ते हरणाऱ्यांकडे. आम्ही कारंजा गावच्या जुन्या फुटबॉल टीमची माणसं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची चार-पाच वर्षं नव्या टीमनं आम्हाला इतकं हरवलं, की आमच्यातले दोघं-तिघं भेटलो म्हणजे अजूनही बोलायला विषय शोधावा लागत नाही. मी स्वतः कधी खेळलो नाही. माझं पाटी-पुस्तकांचं दुकान होतं. पण संध्याकाळी कुलूप लावलं की पाय मैदानाकडेच वळायचे.

*

गावात फुटबॉल आणला आमच्या टीमनं. वकील, मास्तर, कचेरीतले कारकून असे सगळे खेळायचे. नवी टीम निघाली ती जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून. तिथला फिटर नामदेव रोज आमचा खेळ बघायला यायचा. एकदा त्यानं विचारलं, मला घेता का खेळायला? आमचे अध्यक्ष बापूसाहेब वकील म्हणाले, रीतसर अर्ज कर, मीटिंगमध्ये ठेवतो.

नामदेवनं अर्ज केला. त्या मीटिंगला कोरम भरला नाही. पुढच्या मीटिंगलाही भरला नाही. तिसऱ्या मीटिंगला भरला, पण तोवर नामदेवनं जिनातली माणसं जमवून स्वतःची टीम काढली होती, आणि आमच्यापुढे विषय आला तो त्यांच्याशी मॅच खेळायची की नाही, हा!

खेळलो. तीन गोलनी हरलो.

*

आमचा गोलकीपर रहीमभाई धंद्यानं शिंपी. नव्या टीमनं आपले पिवळे सदरे आणि चड्ड्या त्याच्याकडेच शिवायला टाकल्या. आमच्यातल्या काही जणांना हे झोंबलं. बापूसाहेबांनी त्याला बोलावून विचारलं की, तू आपला माणूस, मग त्यांचे कपडे कसे शिवतोस? रहीमभाईनं शांतपणे सांगितलं की कोर्टात तुमच्या विरुद्ध उभे राहतात त्या वकिलांचे कोटही मीच शिवतो.

रहीमभाई दारापर्यंत गेला आणि तिथून वळून म्हणाला, "वकीलसाहेब, अकराही जणाईच्या मांड्यांचं माप घेतलं मी. आपण या साली बी जिंकत नाही."

*

बापूसाहेब प्रत्येक हरण्याचं कारण देत. एका मॅचला सूर्य आमच्या डोळ्यांवर होता. एका मॅचला वारा उलटा होता. एकदा मैदानाचा उतारच आमच्या गोलकडे आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या तरी उतार आमच्याकडेच!

एका संध्याकाळी मात्र आभाळ भरलेलं होतं, वारा पडलेला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. दोन गोलनी हरलो. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. बापूसाहेबांनी वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "आपल्या लोकांना वाऱ्यात खेळायची सवय लागली आहे. आज वाराच नव्हता."

*

हरल्याच्या दिवशी मला जेवण जात नसे. माझ्या बायकोनं हे दोन वर्षं पाहिलं. तिला फुटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि करून घ्यायचंही नव्हतं. एकदा मी अर्ध्या ताटावरून उठायला लागलो, तेव्हा तिनं विचारलं, तुमी खेळले का? मी म्हटलं, नाही. मग तुमाले लागलं का? नाही. तिनं भाकर माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "मग जे खेळले ते घरी जेवत असतीन. तुमीच काहून उपाशी?"

दुसऱ्या दिवशी मी रहीमभाईला विचारलं, रात्री जेवलास का? तो म्हणाला, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गोल अडवून भूक लागते.

*

एका वर्षी मंगरूळपीरला सामने होते. दोन्ही टीम एकाच सर्व्हिस मोटारीनं गेल्या. आमची टीम पहिल्याच दिवशी बाहेर पडली. पण परतीची मोटार फायनलनंतरच होती, त्यामुळे पिवळ्यांची फायनल बघत बसणं भाग पडलं. टाळी वाजवायची नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. हात मांडीखाली घालून बसलो.

शेजारी मंगरूळपीरचा एक गृहस्थ होता. नामदेवच्या पायात बॉल आला की तो म्हणायचा, कारंज्याचे लोक खेळत नाहीत, नुसतं ढकलतात. पहिल्यांदा मी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदाही घेतलं. तिसऱ्यांदा मी उभाच राहिलो आणि त्याला ऐकवलं, "पहिले आमचा नामदेव कसा खेळते ते पाहा, मग बोला."

मागे आमचीच सगळी टीम बसली होती. बापूसाहेबांनी पुढे सरकून माझ्या जागेवर उपरणं पसरलं आणि मला खाली बसवलं.

*

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ढालीची मॅच आमच्या मैदानावर झाली. रेफरी होते गोविंद मास्तर. पूर्वी आमचे कॅप्टन, पण त्यांच्या शिट्टीवर दोन्ही टीमचा विश्वास. मॅच संपायला दोन मिनिटं उरली तेव्हा एक-एक गोल झालेला. बरोबरी झाली असती तर ढाल सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे राहणार होती. चार वर्षांत आम्ही तिला हात लावला नव्हता.

नामदेवनं बॉल मारला आणि त्याच वेळी वावटळ उठली. सगळ्यांनी डोळे मिटले. धूळ बसली तेव्हा रहीमभाई जमिनीवर पडलेला आणि बॉल मागच्या वावरात. आमच्या गोलला जाळी नव्हती, दोन बांबू आणि वर दोरी एवढंच. बॉल बांबूच्या आतून गेला की बाहेरून, कोणालाच सांगता येईना. अर्धं मैदान गोल म्हणून ओरडत होतं, अर्धं नाही म्हणून.

मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग ते नामदेवकडे गेले आणि विचारलं, आत गेला का? त्याच्या टीमचे सगळे त्याच्याकडे बघत होते. नामदेवनं सदऱ्यानं तोंड पुसलं.

"मले नाही दिसला मास्तर," तो म्हणाला. "डोळ्यात माती गेली."

त्याच्या मागून त्याच्याच माणसांनी त्याला शिव्या घातल्या. तो मान खाली घालून उभा राहिला.

मास्तर रहीमभाईकडे आले. तो उठून गुडघे झटकत होता. त्याला तेच विचारलं. त्यानं एकदा नामदेवकडे पाहिलं.

"आत गेला," रहीमभाई म्हणाला.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. ढाल त्यांची झाली. मैदानावर आमच्यापैकी कोणी रहीमभाईशी बोललं नाही. मीही नाही. पण आमचा घरचा रस्ता एकच होता. बाजारापर्यंत दोघं बरोबर चाललो. त्याचं दुकान आलं, तो कुलूप काढायला वाकला, तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, "रहीमभाई, खरंच आत गेला होता का?"

त्यानं कुलूप काढलं, दाराची फळी बाजूला केली.

"मले तरी कुठं दिसला," तो म्हणाला.