भोंगाबाईचा आवाज

"धक्क्यावर नोकरी, म्हणून धक्के खायची सवय आहे हो," असं भोंगाबाई स्वतःच म्हणायची. कुठली बोट कधी सुटणार, ते ती भोंग्यातून पुकारायची. म्हणून हे नाव. तिच्या आजोबांच्या काळात त्या दगडी धक्क्यावर मिठाची पोती उतरायची, तिच्या काळात माणसं. "पलीकडची बोट सुटते आहे! मागे राहील त्याला धक्का जबाबदार नाही!" एवढं कानावर पडलं, की हातातला चहा तसाच टाकून लोक धावत सुटायचे.

मग खाडीवर पूल झाला. बोटी बंद पडल्या. धक्क्यावर जाळी वाळू लागली, कुत्री लोळू लागली, आणि भोंगाबाई घरात सुनेला अशा हाका मारू लागली की शेजारी दचकायचे.

"आई, मी मागेच उभी आहे. बोटीत नाही बसले," सून म्हणायची.

अशात धक्का पुन्हा सुरू होणार असं कळलं. तिनेच लहानाचा मोठा केलेला भाचा तिथल्या नव्या ऑफिसात लागला होता. एका दुपारी तो मोबाइल घेऊन हजर.

"मावशी, साहेबांना तुझ्या आवाजाचा नमुना हवाय. जुनं सगळं म्हणून दाखव."

"म्हणजे काम मिळणार मला?"

"तू बोल तर आधी!"

तिनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, सुनेला पंखा बंद करायला लावला आणि ताठ उभी राहून सगळं म्हटलं. बोटीची शिट्टी तेवढी वाजवायची बाकी ठेवली. त्यानंतर भाच्याचं सुरू झालं: विचारतो, सांगतो, मीटिंगमध्ये आहे.

शेवटी धक्का उघडल्यावर इस्त्रीचे कपडे घालून तीच गेली. ती जिथून पुकारायची त्या केबिनमध्ये कॉफीचं दुकान. बोटी बांधायच्या लोखंडी खुंटांवर मऊ गाद्या, त्यांवर बसून जोडपी फोटो काढतायत. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "पलीकडची बोट सुटते आहे!"

तिचाच आवाज. सवयीनं तिचे पाय उचलले गेले. बाकी कुणी हललं नाही. धक्क्याला बोटच नव्हती.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला भाचा समोर आला आणि ओशाळला.

"अरे, मला बोलावणार होतास ना?"

"तुला कशाला त्रास, मावशी? आवाज आहे की."

"आवाज आहे. आणि मी?"

"जुन्या काळाचा फील येतो गं त्यानं. लोकांना आवडतं. हळू बोल ना, बघतायत सगळे. कॉफी घेतेस? माझ्यातर्फे."

त्या धक्क्यावर तिला हळू बोल म्हणणारा तो पहिलाच. भोंगाबाईनं पोटातून श्वास घेतला.

"मागे राहील त्याला धक्का जबाबदार नाही!"

सगळा धक्का थबकला. माना वळल्या, आणि वळल्या त्या वर, भोंग्याकडे. एका मुलीनं मोबाइल उंच धरला. "ऐक, ऐक! किती खराखुरा वाटतो ना?"

भाचाही वरच बघत होता.