रिस्पाने मका टोकला

रिस्पा अकेयोला अक्षरं मी शिकवली. तेव्हा तिची तिशी उलटली होती आणि मासळी वाळवून वाळवून हातांना सरोवराचा वास लागलेला असायचा. शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत बायबल वाचायची. नवरा झाब्लोन चिडवायचा, "आता पाळकीण होणार का गं?" ती म्हणायची, "देव काय बोलला ते किती दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकू? माझं मी बघते."

जानेवारीत झाब्लोन वारला. मार्चमध्ये मोठा पाऊस आला, पेरण्या सुरू झाल्या. आमच्या सरोवराकाठच्या लोकांत विधवेला आधी कुणा परपुरुषाजवळ निजवून 'शुद्ध' करतात, मगच तिने मातीत बी टाकायचं. तसं न करता टाकलं तर घरातलं मूल झिजून मरतं, असं मानतात. रिस्पाची दोन मुलं आधीच गेली होती. उरली होती चार वर्षांची अविनो.

थोरले दीर एझ्रा अंगणात येऊन म्हणाले, "माणूस ठरवलाय मी. शनिवारी येईल."

"भाऊजी, मी नको म्हटलंय ना."

"मग दगड खा! तुझ्यामुळे धाकट्या भावाचंही शेत पडून आहे. थोरल्या भावजयीआधी त्याला टोकता येतं का?"

ती चर्चच्या पाळकांकडे गेली. पाळक स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले, "देवाचं वचन खरंच आहे, रिस्पाबाई. पण थोडं थांब. लोकांचं मन दुखवून कसं चालेल?"

तिथून ती माझ्याकडे आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "ताई, पाळकच घाबरले. मग माझी काय कथा?" बायबल उघडून तिने बोट ठेवलं. विधवेचा कैवार घेणारा, पोरक्यांना न टाकणारा देव तिथे होता. "हे माझ्यासाठी आहे का हो?"

"तुझ्यासाठीच आहे."

"आणि माझी पोर गेली तर?"

'चल, मी येते तुझ्याबरोबर' एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. मलाही मुलं होती.

शुक्रवारी सकाळी ती एकटीच शेतात उतरली. कुदळीने खळगा करायचा, दोन दाणे टाकायचे, टाचेने माती दाबायची. पण दोनाच्या जागी पाच-पाच दाणे पडत होते. रस्त्यावरून बायका पाण्याला चालल्या होत्या. त्यांतली एक ओरडली, "अगं, सुताराला आजच पोरीचं माप देऊन ठेव! लहान पेटी लवकर होते."

रिस्पाने मान वर केली नाही. अर्धं शेत झालं. संध्याकाळी अविनोला ताप भरला.

शनिवारी उजाडताच सासूबाई दारात उभ्या. "झालं समाधान? तो माणूस आलाय, एझ्राकडे चहा पितोय. अजूनही हो म्हण."

रिस्पाने पोरीला पाठीशी बांधलं आणि दवाखाना गाठला. हिवताप निघाला. गोळ्या देताना नर्स म्हणाली, "दोन दिवस काही सांगता येत नाही, बाई."

परतताना वाटेला दोन फाटे फुटतात. एक एझ्राच्या घराकडे जातो, दुसरा शेताकडे. ती तिथे कितीतरी वेळ उभी होती. पुढे मला म्हणाली, "ताई, तुम्ही शिकवलेलं एकही अक्षर आठवेना. नुसतं म्हटलं, देवा, तूच बोलला होतास ना? मग आता बघ."

ती शेताकडे वळली. पाठीवर पोर निखाऱ्यासारखी तापली होती. सासूबाई शिव्या देत मागोमाग आल्या. बांधावर उभ्या राहून ओरडत होत्या. मग बांधावरून खाली उतरल्या.

"उन्हात भाजशील तिला, करंटे! दे इकडे. बियाला मी हात लावणार नाही, सांगून ठेवते."

"नका लावू, आई," रिस्पा म्हणाली आणि गाठ सोडली.

सासूबाई झाडाखाली नातीला मांडीवर घेऊन बसल्या. रिस्पाने उरलेल्या ओळी टोकल्या.

ताप उतरायला आणखी चार दिवस लागले. ते चारही दिवस तिने शेताकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. पोरीच्या छातीवर हात ठेवून ती बसून होती, प्रत्येक श्वास येतोय ना ते बघत.