गिराणाचा खड्डा

"पोरगी बाहेर काढ बे! गिराण लागायची येळ झाली!"

पाटलांचा आवाज असा, की दवाखान्यातल्या बाटल्या आपसूक एकमेकींच्या आड सरकल्या आणि तिकडं कपिलधारच्या धबधब्याचं पाणी पडता पडता घटकाभर थांबलं. मी बघायला गेलो नव्हतो, पण थांबलंच असणार.

निजामाचं राज्य होतं. बीडात एका हकीमसाहेबांकडं मी उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे पगार सोडून बाकी सगळं मिळणारा माणूस. चालता न येणारी लेकरं सकाळी यायची, दुपारी घरी जायची. त्यांच्या पायांना तेल चोळायचं आणि ओसरीवर पांगुळगाड्याला धरून त्यांना चालवायचं, हे माझं काम. मी स्वतः डाव्या पायानं लंगडा. लेकरं विचारायची, कावून? एकाला सांगितलं, वाघानं चावला. दुसऱ्याला सांगितलं, सरकारचा हत्ती पाय देऊन गेला. पाटलांच्या नातीला मगर सांगावी लागली, कारण वाघ तिला पटला नाही.

ही नात पाच वर्षांची. आली तेव्हा बसून सरकायची. आता पांगुळगाडा ढकलत ओसरीचं टोक गाठत होती. पाटलांना ते फार सावकाश वाटे. गिराणात, म्हणजे ग्रहणात, लेकराला कमरेइतकं मातीत पुरलं की पाय मोकळे होतात, ही आमच्याकडची रीत. मळ्यात खड्डा तयार होता, माती ओली करून ठेवलेली.

मी दारात आडवा उभा राहिलो. "न्हाई देणार."

"तू कोण रे लंगड्या?"

"त्याच खड्ड्यातून निघालेला! बाप्पा, तुमचाच मळा, तुमचंच खोरं. मी हिच्याएवढा होतो. गिराण सुटेस्तोवर गाडलं मला. पाय लाकडासारखे गार पडले, बोंबलून बोंबलून घसा गेला, आन् लंगडा तो लंगडाच निघालो!"

त्या ओसरीवर पायाबद्दल मी पहिल्यांदाच खरं बोललो, आणि नेमकी तेव्हाच नात पांगुळगाड्यामागून किंचाळली, "आबा, खोटं हाय! त्याला मगरीनं चावलंय!"

पाटील हसले नाहीत. डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिले. "तू... आपल्या मोटेवरच्या गड्याचा?"

"त्याचाच. खड्डा त्यालाच उकरायला लावलता तुमी."

गड्याचं पोरगं कुठल्या मालकाच्या ध्यानात राहतं! पण तो खड्डा त्यांच्या ध्यानात होता. मी पाय पुढं केला.

"पुरायचंच असलं तर आधी मला पुरा. ह्यो पाय सरळ झाला तर पोरगी खुशाल न्या. तवर ह्या दारातून ती जाईल ती चालतच जाईल!"

हकीमसाहेब आत खलात औषध घोटत होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि मला हटही म्हटलं नाही.

उन्हाचा रंग मळला. रस्त्यावरच्या कोंबड्या गोंधळून खुराड्याकडं निघाल्या. पाटील पायरीवर टेकले. सगळं बीड दारं लावून बसलेलं, आणि आमच्या ओसरीवर पांगुळगाड्याची चाकं ग्रहण सुटेपर्यंत करकरत राहिली.

दुसऱ्या दिवशी नातीला सोडायला पाटील स्वतः आले. माझ्याकडं न बघता हकीमसाहेबांना म्हणाले, "खड्डा तर खणून झालाय. लई खोल हाय. आता त्याचं काय करू?"

"आंबा लावा," हकीमसाहेब म्हणाले.